परंड्यातून आखातात नोकरीला जाताय? आधी ही तयारी करा

आपल्या परंडा तालुक्यात हाताला बारमाही काम कमी. त्यामुळे पोरं पुण्या-मुंबईला जातात, आणि कुणाचे मामू, खालू सौदीत किंवा दुबईत असले की तिकडची वाट धरतात. जाण्यात वाईट काही नाही, पण घाई महागात पडते. अम्मीचे दागिने मोडून, व्याजाने पैसे काढून एजंटला दिले आणि व्हिसा खोटा निघाला, तर सगळं घर कर्जात बुडतं. म्हणून एकेक पायरी नीट चढा.

१. नाव एकसारखं करा : आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. शेख, मोहम्मद, सय्यद ही नावं सगळ्या कागदांवर सारखी आहेत का ते पाहा. जन्मतारीखही तपासा. मगच पासपोर्टचा अर्ज भरा. मोठ्या माणसाच्या ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. तो १० वर्षं चालतो.

२. ईसीआर समजून घ्या : दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर असतो. सौदी, यूएई, कतार, कुवेत, ओमान अशा १८ देशांत कामाला जाताना त्यांना सरकारची वेगळी मंजुरी लागते. दहावी पास असाल तर अर्जासोबत तसा पुरावा जोडा.

३. एजंट तपासा : १९८३ च्या कायद्यानुसार परदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे सरकारी परवाना लागतो. सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर त्याचं नाव शोधा. त्याची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. ओळखीचा असला तरी पावती मागाच.

४. व्हिसा आणि करार वाचा : व्हिजिट व्हिसावर कामाला जाऊ नका. ‘आझाद व्हिसा’ म्हणून जे विकतात, त्यात कागदावर मालक एक आणि काम दुसरीकडे असतं. पकडले गेलात तर दंड, तुरुंग किंवा घरवापसी. पगार, कामाचे तास, राहणं, जेवण, परतीचं तिकीट हे सगळं करारात लिहिलेलं हवं. तोंडी वचनाला तिथे कुणी विचारत नाही.

५. मेडिकल आणि विमा : मेडिकल मान्यताप्राप्त केंद्रातच करा. ईसीआरवाल्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा मूळ हप्ता २७५ रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाखांचं संरक्षण.

६. घरची व्यवस्था लावा : पासपोर्ट, व्हिसा, करार यांच्या झेरॉक्स घरी ठेवा. बँक खात्याला वारस लावा. पैसे कुणाच्या नावावर येणार, मुलांची फी कोण भरणार, हे अब्बा-अम्मी आणि बेगमसोबत बसून ठरवा. निदान तीन महिन्यांचा घरखर्च मागे ठेवून जा, कारण पहिला पगार उशिरा होऊ शकतो.

तिकडे अडचण आली तर लाजू नका, भारतीय दूतावासात जा. अल्लाह सर्वांचा सफर आसान करो. आमीन.