नवजात बाळाला पक्षाघात: पुढे काय?

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळाचा एकच हात लयीत झटके देऊ लागतो. एमआरआयमध्ये मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने अडलेली दिसते. आजोबांना होतो तो लकवा बाळाला? होय. अंदाजे एक ते चार हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो.

गैरसमज: आईने ग्रहण पाळलं नाही, म्हणून झालं.
वस्तुस्थिती: ग्रहणाचा किंवा आईने खाल्लेल्या पपईचा याच्याशी संबंध नाही. वारेतली गुठळी बाळाच्या मेंदूपर्यंत जात असावी, असं तज्ज्ञ मानतात. पण बहुतेक बाळांत नेमकं कारण सापडत नाही.

गैरसमज: मूल चालणार-बोलणार नाही.
वस्तुस्थिती: साधारण एक तृतीयांश मुलांत शरीराची एक बाजू कमजोर राहते, पायापेक्षा हात अधिक. तरीही बहुतेक मुलं दोन वर्षांच्या आसपास चालू लागतात. मेंदूची डावी बाजू दुखावली, तर भाषेचं काम उजवी बाजू उचलू शकते. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या २०२२च्या अभ्यासात अशा तरुणांमध्ये हेच दिसलं.

गैरसमज: लहान मेंदू सगळं आपोआप भरून काढतो.
वस्तुस्थिती: भाषेला नवी जागा मिळते, हाताला तितक्या सहज मिळत नाही. काही मुलांना पुढे फिट येतात. काहींच्या बाबतीत एकाग्रतेच्या किंवा अभ्यासातल्या अडचणी शाळेत गेल्यावरच कळतात. म्हणून तपासण्या शाळेच्या वयापर्यंत चालू ठेवाव्यात.

गैरसमज: एकाच हाताने खुळखुळा धरतो, म्हणजे डावखुरा आहे.
वस्तुस्थिती: वर्षाच्या आत बाळ दोन्ही हात सारखेच वापरतं. त्याआधी एकच हात पुढे येत असेल, तर दुसरा मागे पडतोय का, हे डॉक्टरांना दाखवा. चांगल्या हातावर थोडा वेळ मऊ मोजा चढवून दुसऱ्याला खेळवण्याची थेरपी उपयोगी ठरते. ती थेरपिस्टकडून शिकून घरी करता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तपासणी आणि थेरपी मोफत मिळते.

गैरसमज: पक्षाघात पुन्हा होणारच.
वस्तुस्थिती: हृदयदोष किंवा रक्त गोठण्याचा गंभीर विकार नसेल, तर ही शक्यता फारच कमी, सुमारे एक टक्का असते.

एमआरआय जखम कुठे आणि केवढी ते सांगतो. मूल किती पुढे जाईल, ते मात्र खुळखुळ्याकडे झेपावणाऱ्या हातांकडे महिनोन्‌महिने पाहत राहूनच कळतं.