तारणाची शाश्वती आणि डॉर्टची धर्मसभा

ख्रिस्तावरील विश्वासाने एकदा तारण पावलेला मनुष्य ते पुन्हा गमावू शकतो काय, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक जुना वादविषय आहे. त्याचे मूळ पवित्र शास्त्रातच सापडते. योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या मेंढरांना कोणीही आपल्या हातून हिरावून घेणार नाही असे आश्वासन देतो. उलटपक्षी, इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात, कृपेचा अनुभव घेऊन मागे पतित झालेल्यांस पुन्हा पश्चात्तापाकडे वळविणे अशक्य आहे, असा कठोर इशारा आहे.

धर्मसुधारणेच्या काळात या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे पुढे आली. १५३० च्या आउग्सबुर्ग येथील ल्यूथरपंथी कबुलीजबाबाने, एकदा नीतिमान ठरलेला मनुष्य पवित्र आत्म्यास गमावू शकत नाही, हे मत त्याज्य ठरविले. १५४७ मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेने निर्णय दिला की, प्रत्येक प्राणघातक पापाने कृपा नष्ट होते. मात्र प्रायश्चित्त-संस्काराद्वारे ती पुन्हा प्राप्त होऊ शकते. कॅल्व्हिनच्या परंपरेने मात्र ईश्वराची निवड अढळ मानल्यामुळे अशा पतनास वाव ठेवला नाही.

या परंपरेतच नेदरलँड्समध्ये वाद पेटला. लेडन विद्यापीठातील प्राध्यापक आर्मिनियस १६०९ मध्ये निवर्तल्यावर त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमांचे निवेदन सादर केले. पाचव्या कलमातील त्यांची भूमिका सावध होती: विश्वासी मनुष्यास पापाशी झुंजण्याचे बळ मिळते, हे मान्य करून तो निष्काळजीपणाने कृपेपासून दूर जाऊ शकतो किंवा नाही, याचा शास्त्राधारे अधिक विचार व्हावा, एवढेच त्यांनी म्हटले. पुढे डॉर्टच्या सभेपुढे मात्र त्यांनी असे पतन शक्य असल्याचे स्पष्टपणे प्रतिपादिले.

१६१८-१९ मधील या सभेस परदेशी प्रतिनिधीही उपस्थित होते. तिचा निर्णय असा : खरे विश्वासी दावीद व पेत्र यांच्याप्रमाणे घोर पापात पडू शकतात, काही काळ कृपेची जाणीवही गमावतात, परंतु ईश्वर त्यांना संपूर्णपणे व अखेरपर्यंत पतित होऊ देत नाही. त्यांचे टिकून राहणे स्वसामर्थ्यावर नव्हे, ईश्वराच्या निष्ठेवर अवलंबून आहे. या मतामुळे नैतिक शैथिल्य येईल, हा आक्षेपही सभेने अमान्य केला. खरी शाश्वती नम्रता व सत्कर्माची प्रेरणा वाढविते, असे तिचे म्हणणे होते.

मग जो कायमचा विश्वास सोडून जातो, त्याचे काय? डॉर्टच्या अनुयायांचे उत्तर असे की, त्याचा विश्वास मुळातच खरा नव्हता. योहानाच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा आधार ते येथे देतात. या उत्तराने प्रश्न संपत नाही, केवळ त्याचे स्थान बदलते. आर्मिनियसपंथी मनुष्य आज आपण कृपेत आहोत असे निश्चयाने म्हणू शकतो, उद्याचे मात्र सांगू शकत नाही. डॉर्टच्या मतानुसार खऱ्या विश्वासाचा उद्या सुरक्षित आहे. परंतु आजचा विश्वास खरा आहे किंवा नाही, याचे परीक्षण करावे लागते. सारांश, अनिश्चितता एका पक्षात भविष्याच्या, तर दुसऱ्या पक्षात वर्तमानाच्या वाट्यास येते.

या वादाची राजकीय किंमतही मोठी होती. निवेदनकर्त्यांचा पाठीराखा, ज्येष्ठ मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा १३ मे १६१९ रोजी शिरच्छेद झाला आणि सुमारे दोनशे धर्मोपदेशकांना पदच्युत करण्यात आले. तरीही पराभूत मत नाहीसे झाले नाही. १६३४ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे त्या पंथाचे धर्मशास्त्र-विद्यालय स्थापन झाले आणि १७५१ मध्ये जॉन वेस्लीने इंग्लंडमध्ये पतनाची शक्यता पुन्हा आग्रहाने मांडली. मेथडिस्ट व प्रेस्बिटेरियन परंपरांमध्ये आजही आढळणारा या विषयीचा भेद याच वादाचा वारसा होय.