पिल्लं जिथली तिथे

पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे ऊसतोड सुरू झाली की हंगामात कधीतरी कुणाचा तरी कोयता उगारलेलाच राहतो. समोर पाचटात दोन-तीन गोळे वळवळत असतात. अंगावर ठिपके, डोळ्यांत निळसर झाक, आणि एवढ्याशा जिवाचा फिस्कारण्याचा आव केवढा! टोळीतलं कुणीतरी ओरडतं, “थांबा रं, वाघाची पिल्लं हायेत!” बिबट्याला इथे सर्रास वाघच म्हणतात. त्या आरोळीनंतर फडात जे घडतं, ते कितीही वेळा ऐकलं-वाचलं तरी मला जुनं होत नाही.

बिबट्याची मादी उसात बाळंत होतेच का, हे आधी पाहू. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे ही धरणं झाली, कालव्यांना पाणी आलं आणि पाण्यामागून ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो, आणि इतका दाट की चार हातांवरचं दिसू नये. आत गारवा, बांधाला पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. पिल्लं लपवायला मादीला याहून आणखी काय हवं? या भागातल्या कित्येक बिबट्यांचा जन्मच उसातला. डोंगरातलं जंगल त्यांना परकं. अडचण एकच. हे जंगल दर हिवाळ्यात मुळापासून तोडलं जातं.

मादी साधारण शंभर दिवसांनी विते. पिल्लं बहुधा दोन किंवा तीन, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, पहिले काही दिवस डोळे मिटलेले. त्यांना दडवून ती शिकारीला जाते. कधी कधी अख्खा दिवस परतत नाही. म्हणून फडात एकटी सापडलेली पिल्लं ‘पोरकी’ नसतात. त्यांची आई बहुतेक वेळा शेजारच्याच फडात असते, माणसांचा गलबला ऐकत, अंधार पडायची वाट पाहत.

शेतकरी वनविभागाला फोन लावतो. वनरक्षक येतात, आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून पशुवैद्य निघतात. वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून हे केंद्र चालवतात. विहिरीत पडलेले, गाडीने ठोकरलेले, पिंजऱ्यात अडकलेले बिबटे तिथे आणले जातात. काही बरे होऊन जातात, काहींचा मुक्काम आयुष्यभराचा असतो. पण या केंद्राची सगळ्यात मोठी करामत मला वाटते ती पिल्लं केंद्राच्या फाटकाच्या आत न येऊ देण्याची.

कारण पिंजऱ्याचा हिशोब फार कडक आहे. शिकार कशी करावी, माणसापासून लांब कसं राहावं, हे पिल्लू आईच्या मागे दीड-दोन वर्षं हिंडून शिकतं. माणसाने बाटलीने दूध पाजून वाढवलेल्या बिबट्याला जंगलात सोडणं त्याच्यासाठीही धोक्याचं आणि गावासाठीही. आणि पिंजऱ्यात बिबट्या वीस वर्षांपर्यंत जगू शकतो. म्हणजे आज संध्याकाळी आई-पिल्लांची भेट चुकली, तर एका जिवाची वीस वर्षं गजाआड.

डॉक्टर आधी पिल्लं नर की मादी ते बघतात, जखमा तपासतात, गोचिड्या काढतात. मग शेपटीच्या बुडाशी, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप बसवतात. तिच्यात बॅटरी नसते. वाचणारं यंत्र जवळ धरलं की त्याच्याच रेडिओ लहरींतून ती क्षणभरापुरती ऊर्जा घेते आणि आपला क्रमांक सांगते. तोवर ती मुकी. वर्षानुवर्षं हा दागिना बिबट्याच्या अंगात गुपचूप बसून राहतो.

सूर्य कलला की पिल्लं एका खोक्यात किंवा क्रेटमध्ये घालून जिथे सापडली त्याच जागी ठेवतात. शेजारच्या शेतात ठेवून भागत नाही. आईने पिल्लं कुठे ठेवली ते तिला नेमकं ठाऊक असतं. ती तिथेच येते, मग वास आणि आवाज यांवरून उरलेलं काम करते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. आजूबाजूला लावलेल्या ट्रॅप कॅमेऱ्यांनी ती खोटी पाडली आहे. मादी येते, थबकते, खोक्याभोवती फिरते, पंज्याने ते कलंडवते आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. जेवढी पिल्लं, तेवढ्या खेपा. पहिल्या रात्री ती आलीच नाही, तर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तोच खटाटोप.

त्या मानेला धरण्यातही एक नवल आहे. ज्या दातांनी ती शेळीचा गळा फोडते त्याच दातांत पिल्लू ओरडत नाही, झटापट करत नाही. पाय पोटाशी घेऊन गप्प लोंबकळतं. २०१३ साली कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पिल्लांवर आणि माणसाच्या तान्ह्या बाळांवर अभ्यास करून दाखवलं, की आईने उचलून चालायला लागताच पिल्लाची हालचाल थांबते, रडणं कमी होतं आणि हृदयाचे ठोकेही मंदावतात. कडेवर घेऊन नुसतं बसलं की किरकिरणारं पोर फेऱ्या मारल्या की शांत का होतं, याचं उत्तर बिबट्याच्या जबड्याच्या इतकं शेजारी असेल असं वाटलं नव्हतं.

या सगळ्यात डॉक्टरांइतकाच वाटा गावाचा. ऊसतोड मजुरांना टनावर पैसे मिळतात. थांबलेला कोयता म्हणजे बुडालेली मजुरी. कारखान्याची गाडी ताटकळते. तरी फड तसाच सोडावा लागतो, बघ्यांना हटवावं लागतं, मोबाइल घेऊन पुढे सरकणाऱ्या पोरांना मागे ओढावं लागतं. गर्दी हटली नाही तर मादी येत नाही. आणि हे सगळं करणारी माणसं बिबट्याला भिणारी आहेत. या तालुक्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत, लहान मुलंही गेली आहेत. शहरात बसून त्यांना भूतदया शिकवणाऱ्यांनी एकदा रात्रीच्या विजेच्या पाळीला उसाला पाणी द्यायला जावं.

‘सगळे पकडून लांब नेऊन सोडा’ हा उपाय करून झालेला आहे. २००१ च्या सुमारास जुन्नर भागात तो मोठ्या प्रमाणावर केला. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी आकडे तपासले, तेव्हा आधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते नंतर चौपटीच्या वर गेलेले दिसले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बावचळतो, आणि बहुतेकदा तिथे थांबतही नाही. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ या बिबट्याला रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटाजवळ सोडलं. महिनाभरात तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. उलट, आई आणि पिल्लं एकत्र, ओळखीच्या जागी राहिली, तर चवताळलेली मादी फडाफडांतून हिंडत नाही. गावाच्या दृष्टीने हा स्वार्थच, आणि तो स्वार्थ आहे म्हणूनच ही पद्धत टिकली असावी.

आईने पिल्लं नेल्याची खात्री झाली की त्या फडात तोड पुन्हा सुरू होते. मादीने बिऱ्हाड हलवलेलं असतं ते बहुधा जवळच्या, अजून उभ्या असलेल्या उसात. त्या उसाचीही तोडीची तारीख ठरलेली असते. मग पुन्हा फोन, पुन्हा तीच गाडी. या खेपेला मात्र यंत्र पिल्लाच्या शेपटीजवळ धरलं, तर क्रमांक ओळखीचा निघू शकतो.