ऊन स्वस्त केलं कुणी?

सौर पॅनेलचा भाव वॅटवर ठरतो. १९७०च्या दशकाच्या मध्यात एका वॅटला आजच्या हिशेबाने सुमारे १०० डॉलर पडत. २०१९ पर्यंत तो भाव अर्ध्या डॉलरच्याही खाली आला. दोनशे पटींहून जास्त घसरण! हे घडलं कसं आणि घडवलं कुणी?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातले ऊर्जाधोरणाचे प्राध्यापक ग्रेगरी नेमेट यांनी या प्रश्नाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१९ साली ‘हाऊ सोलर एनर्जी बिकेम चीप’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं उत्तर थक्क करणारं आहे. हे श्रेय कुणा एका देशाचं नाहीच.

सुरुवात अमेरिकेत झाली. एप्रिल १९५४ मध्ये बेल लॅब्जच्या शास्त्रज्ञांनी सिलिकॉनचा सौरघट दाखवला, तेव्हा त्यावर खेळण्यातला छोटा पाळणा गरगर फिरत होता. अंगावर पडलेल्या उन्हातला जेमतेम ६ टक्के भाग तो घट विजेत बदलायचा. चारच वर्षांनी असेच घट लावलेला ‘व्हॅनगार्ड-१’ हा चिमुकला उपग्रह अवकाशात गेला. त्याचा बॅटरीवरचा प्रक्षेपक काही आठवड्यांत मुका झाला; उन्हावरचा मात्र १९६४ पर्यंत बोलत राहिला. तेलसंकटानंतर जपानने १९७४ साली ‘सनशाईन’ प्रकल्प हाती घेतला, आणि तिथल्या कंपन्यांनी सौरघट कॅल्क्युलेटरमध्ये बसवून घरोघर पोचवले.

पण खरी कमाल जर्मनीच्या एका कायद्याची. २००० सालच्या या कायद्याने सांगितलं, की छपरावरची सौरवीज ग्रिडने घ्यायलाच हवी, युनिटला ९९ फेनिग या दराने, तेही वीस वर्षं. घरगुती ग्राहक तेव्हा विजेला जेवढे पैसे मोजत होता, त्याच्या तिपटीहून हा दर जास्त होता! हा भार वीजग्राहकांच्याच बिलांवर पडला. जर्मनीत ऊन आपल्यापेक्षा कितीतरी कमी, तरीही शेतकरी गोठ्यांवर पॅनेल चढवू लागले, कारण वीस वर्षांच्या हमीवर बँक कर्ज देत होती.

ही मागणी पुरवायला चीन पुढे आला. ऑस्ट्रेलियात प्राध्यापक मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली शिकलेले शी झेंगरोंग यांनी २००१ मध्ये वूशी शहरात ‘सनटेक’ काढली. ज्ञान ऑस्ट्रेलियाचं, कारखाना चीनचा, गिऱ्हाईक जर्मन.

एकूण उत्पादन दुप्पट झालं, की पॅनेलचा भाव साधारण २० टक्क्यांनी उतरतो, असं दशकानुदशकं दिसत आलं आहे. निसर्गनियमच वाटावा असं हे प्रमाण. नेमेट यांनी २००६च्या अभ्यासात त्याची फोड केली, तेव्हा आत अगदी ठोस कारणं सापडली: कारखाने मोठे होत गेले, घटांची कार्यक्षमता वाढली, सिलिकॉन स्वस्त झालं. पण मोठा कारखाना उभा राहतो तो माल खपण्याची खात्री असली तरच. ती खात्री कायद्याने दिली. म्हणून मला वाटतं, सौरऊर्जेच्या इतिहासात कायद्याचा तो मसुदा प्रयोगशाळेतल्या घटाइतकाच मोठा शोध आहे.

जर्मनीचा तो दर तेव्हाच्या हिशेबाने वीसेक रुपये होता. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात सौरवीज १ रुपया ९९ पैशांना देण्याची बोली लागली. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचं काम चाललं आहे. रात्री-अपरात्री मोटर चालू करायला बांधावर जाणाऱ्या शेतकऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. त्यामागे जर्मनीतल्या अनोळखी घरांनी भरलेली बिलंही आहेत.

नेमेट यांना मात्र एक गोष्ट खटकते: या सगळ्याला साठ-सत्तर वर्षं लागली. हवेतला कार्बन शोषून घेणारी यंत्रं आज बाल्यावस्थेत आहेत, आणि त्यांना तेवढी सवड देणं हवामानाला परवडणारं नाही.