आबांची साइडकार मागे कशी येऊ लागली?



आमच्या घरची बुलेट तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. तिच्या डाव्या अंगाला होडीसारखी साइडकार जोडलेली आहे. शाळेसमोरून ती गेली की पहिलीची मुले "रणगाडा आला, रणगाडा!" म्हणून ओरडतात. तिला आता रिव्हर्स गिअर बसवला आहे. तो कसा चालतो हे फळ्यावर सांगायला गेलो तर माझीच गडबड झाली. म्हणून गुरुजी म्हणाले, "लिहूनच काढ."

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळा पडला. आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे होते. एस.टी.ची पायरी त्यांना चढवत नाही आणि मोटारसायकलवर मागे बसले तर तोल जातो. म्हणून काकांनी जुनी साइडकार विकत आणून बुलेटला जोडली. आबा त्यात मांडी घातल्यासारखे ऐटीत बसत.

अडचण होती बोळाची. आमचे घर बोळाच्या टोकाला आहे. बोळ माझ्या पावलांनी सदतीस पावले भरतो. मध्ये गटारीची चर आहे. गाडी आत येते, पण वळायला जागा नाही, कारण पुढे ओटा आहे. बाहेर काढायची तर मागेच ओढावी लागे. साधी मोटारसायकल आपण पायाने रेटत मागे घेतो. पण इथे बुलेट पावणेदोनशे किलोच्या वर, साइडकार ऐंशीच्या आसपास आणि आबा बासष्ट. शिवाय डावा पाय टेकायला जागाच नाही, तिथे साइडकारची नळी आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी चालू होती. गडीमाणसे सगळी रानात. काका, आई, आजी आणि मी असे चौघे ओढत होतो, तर मागचे चाक चरीत बसले ते बसलेच. आबा काठी टेकत खाली उतरले आणि डाव्या हाताने ढकलू लागले. मग काठी टाकून ओट्यावर बसले आणि म्हणाले, "उद्यापासून मला नेऊ नका. मी काय पोतं हाय का, चार जणांनी ओढायला?" त्यानंतर दोन आठवडे ते गेलेच नाहीत. थोडी उघडू लागलेली बोटे पुन्हा मिटली. आईने काकांना सांगितले, "भावजी, काहीतरी करा."

आता गिअरचे बघू.

जत्रेत उसाचा चरक पाहिला आहे ना? त्याचे दोन लाट कधीच एका दिशेने फिरत नाहीत. त्यांच्या दातेरी चाकांचे दात एकमेकांत अडकलेले असतात. एक उजवीकडे फिरला की दुसरा डावीकडे फिरतो, म्हणून तर ऊस आत ओढला जातो. दात दातांत अडकले की दिशा उलटते, एवढे ध्यानात ठेवा. चेनचे तसे नसते. सायकलचे पुढचे आणि मागचे चक्र एकाच दिशेने फिरते. आजी सांगते, जुन्या पिठाच्या गिरणीत पट्टा कधी कधी आठाच्या आकड्यासारखा पीळ देऊन चढवीत. तसा चढवला की जाते उलटे फिरे. चेनला मात्र असा पीळ देता येत नाही.

काकांनी तालुक्याच्या लेथवाल्या मिस्त्रींकडून एक लोखंडी पेटी करून घेतली. इंजिनाकडून मागच्या चाकाकडे जाणारी चेन मध्ये तोडून त्या जागी ही पेटी बसवली. पेटीला दोन चेनचाके आहेत. एकावर इंजिनाकडची चेन येते, दुसऱ्यावरून मागच्या चाकाची चेन जाते. दांडी पुढे असली की आतली खाचांची कडी ही दोन्ही चाके एकमेकांना घट्ट धरते आणि गाडी नेहमीसारखी चालते. दांडी मागे ओढली की कडी सुटते. मग जोर सरळ जात नाही, शेजारच्या छोट्या शाफ्टवरून वळसा घेऊन येतो.

खरी गंमत पहिल्या दिवशी झाली. बोळात सगळी गल्ली जमली. काकांनी दांडी मागे ओढली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी हळूच पुढे जाऊन ओट्याला टेकली! आबा साइडकारमधून म्हणाले, "ही तर अजून घरातच चालली!"

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. चूक काय झाली ते मला त्यांनी खडूने फरशीवर काढून दाखवले. पेटीत चार गिअर होते. पहिला शेजारच्या शाफ्टवरच्या दुसऱ्याला फिरवतो, तिथे दिशा एकदा उलटली. त्याच शाफ्टवरचा तिसरा गिअर चौथ्याला फिरवतो, तिथे ती पुन्हा उलटली. दोनदा उलटले म्हणजे सुलटच झाले! मग त्यांनी तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये आणखी एक लहान गिअर बसवला. आता दात तीन ठिकाणी अडकतात, म्हणून दिशा तीनदा उलटते आणि गाडी मागे येते. गिअर मोजू नका, दात कुठे कुठे अडकतात त्या जागा मोजा. जागा विषम तर उलट, सम तर सुलट. सम-विषम संख्या इतक्या उपयोगाच्या असतील असे मला वाटले नव्हते.

असे गिअर काही नवे नाहीत. बाजारातल्या रिक्षालाही रिव्हर्स असतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. आर ७५ आणि झुंडाप के.एस. ७५० या साइडकारच्या गाड्यांना रिव्हर्स होता, आणि साइडकारच्या चाकालाही इंजिनाचा जोर मिळे. १९८८ च्या होंडा गोल्डविंग गाडीत वेगळीच युक्ती केली होती. इंजिन चालू करणारी विजेची स्टार्टर मोटारच गाडी हळूहळू मागे नेई. सगळ्यात मला आवडली ती १९५५ साली निघालेली जर्मनीची तीन चाकांची मेसरश्मिट के.आर. २००. तिचे टू-स्ट्रोक इंजिन बंद करून उलटेच चालू करता येई. म्हणजे पुढे जायला चार गिअर आणि मागे यायलाही चार! बुलेटचे इंजिन फोर-स्ट्रोक आहे, त्याचे व्हॉल्व्ह एकाच क्रमाने उघडझाप करतात. ते उलटे चालवता येत नाही.

आमच्या गाडीतही दांडी मागे ओढल्यावर चारही गिअर पडतील. पण काका फक्त पहिला टाकतात आणि माणसाच्या चालीने मागे येतात. चालत्या गाडीत दांडी ओढली तर दात तुटतील, चाक जाम होईल. म्हणून दांडीला खिट्टी आहे, गाडी थांबल्याशिवाय ती काढायची नाही. मागे येताना मागच्या चेनची खालची बाजू ताणते आणि वरची सैल पडते. चेन ढिली असली तर उतरते, एकदा उतरलीही. आणि पालकांसाठी एक गोष्ट. असा फेरफार परस्पर करायचा नसतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते. काकांनी साइडकारची आणि पेटीची अशा दोन्ही वेळा नोंद करून घेतली. त्यासाठी खूप चकरा झाल्या, ते जाऊ द्या.

आता काका एकटेच आबांना नेतात. मी मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतो, पण आबा म्हणतात की तेवढे त्यांनाही येते. त्यांची दोन बोटे पुन्हा उघडू लागली आहेत. पेटीखालून मात्र तेलाचा थेंब थेंब गळतो. सील बदलेपर्यंत गाडीखाली आम्ही नारळाची करवंटी ठेवली आहे. ती कृपा करून कोणी खेळायला नेऊ नये. परवा नेली होती.

— इयत्ता ७ वी