शिंगकळी जाळताना वासराला किती दुखतं?

शेतात रेंज नसल्यानं ज्यांना एपिसोड ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

आपल्या गेवराईकडं शिंगांचं कौतुक वेगळं सांगायला नको. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतो, बेगड लावतो. पण गोठ्यात जर्सी नाहीतर एचएफ संकरित गाई आल्या की हिशोब बदलतो. गाई एकमेकींना मारतात, धार काढणाऱ्यालाही लागतं. म्हणून कालवड लहान असतानाच शिंगकळी जाळतात. त्यावेळी डोकं दाबून धरायला घरातलं तरणं पोरगं, म्हणजे आपणच असतो. त्यामुळं हे आपल्याला माहीत पाहिजे.

आधी वय बघा. साधारण दोन महिन्यांपर्यंत कळी नुसती कातडीत असते, मग ती कवटीला जोडली जाते. पुढं कवटीतली पोकळी शिंगात उतरते. तेव्हा शिंग कापलं तर ती पोकळीच उघडी पडते. म्हणून पहिले काही आठवडेच बरे.

पण लहान आहे म्हणून दुखत नाही, हे खोटं. कळीकडं जाणारी नस डोळ्याच्या मागच्या कोपऱ्यापासून हाडाच्या कडेनं वर जाते. तिथं डॉक्टर दोन्ही बाजूंना लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. मग पाच-दहा मिनिटं थांबायचं. सुई टोचून बघायची, वासरू हललं नाही तरच तापलेलं लोखंड टेकवायचं. घाई केली तर इंजेक्शन दिलं काय, न दिलं काय, सारखंच.

आता खरी गोम. ही भूल साधारण दोन तासांत उतरते. डॉक्टर गेलेले असतात, आपण कामाला लागलेलो असतो आणि दुखणं तेव्हा सुरू होतं. वासरू ओरडत नाही. कान फडफडवतं, डोकं झटकतं, गप्प उभं राहतं, दूध कमी पितं. म्हणून भुलेसोबत मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामकही लागतं. त्याचा असर भुलेपेक्षा जास्त वेळ टिकतो. डायक्लोफेनॅक मात्र मागू नका. गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे.

कॉस्टिक लावलं म्हणजे दुखत नाही, असंही नाही. तेही कातडी जाळतंच. पावसात ओघळून डोळ्यात जातं, गाईनं चाटलं तर तिचं तोंड भाजतं.

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा शिंगं काढायला सूट देतो, पण ठरवून दिलेल्या पद्धतीनं काढली तरच.

तर १९६२ वर फोन करून डॉक्टर बोलवा आणि दोनच प्रश्न विचारा: "साहेब, भूल देणार ना? आणि ती उतरल्यावर दुखू नये म्हणून काय देणार?" जखम भरायला कित्येक आठवडे लागतात. तोवर माशा बसू देऊ नका, रोज बघत जा.

भेटू पुढच्या एपिसोडला. राम राम!