बर्फाने जपलेला इतिहास

लाकूड, पिसे, चामडे मातीत फार काळ टिकत नाहीत. जिवाणू आणि बुरशी त्यांचा फडशा पाडतात. म्हणून उत्खननात बहुधा दगडी टोक मिळते, पण ते ज्या काठीला बांधले होते ती मिळत नाही. कॅनडाच्या वायव्येकडील युकॉन प्रदेशात १९९७ साली याला अपवाद सापडला. डोंगरावरील वितळत्या बर्फाच्या कडेला कॅरिबू या उत्तरेकडील हरणाच्या लेंड्यांचा मोठा थर उघडा पडला होता. त्या परिसरात तर कित्येक दशके कॅरिबूंचे कळप नव्हते! तेथेच लाकडी भाल्याचा तुकडा मिळाला. कार्बन-१४ मापनाने त्याचे वय चार हजार वर्षांहून अधिक ठरले.

हा भाला टिकला कसा? उन्हाळ्यात माश्या-डासांपासून सुटका व्हावी म्हणून कॅरिबू बर्फाच्या पट्ट्यांवर जमतात. शिकारी तेथे जात. नेम चुकलेला भाला बर्फात रुतून बसे. हिमनदी उतारावरून सरकते आणि पोटातल्या वस्तूंचा चुरा करते. हे पट्टे मात्र पातळ असल्याने जागचे हलत नाहीत.

पुढे अशा दोनशेहून अधिक वस्तू मिळाल्या. सर्वांत जुन्या सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. सुमारे १२०० वर्षांपूर्वीपर्यंत दांडक्याच्या साहाय्याने फेकायचे भाले दिसतात, नंतर धनुष्यबाण. त्याच सुमारास एका मोठ्या ज्वालामुखीची राख या प्रदेशावर पसरली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए-अभ्यासानुसार, साधारण हजार वर्षांपूर्वी येथील कॅरिबूंची जागा काही अंशी दुसऱ्या वंशाच्या कॅरिबूंनी घेतली. या घटनांचा परस्परसंबंध आहे का? काळ जुळला म्हणजे कारण सापडले असे नव्हे. म्हणून शोध चालू आहे.

येथील आदिवासी समाजांतील वडीलधारी माणसे पूर्वीच्या मोठ्या कळपांच्या आठवणी सांगत असत. बर्फाने त्यांना पुरावा दिला. हे संशोधन सहा आदिवासी समाज आणि सरकारी पुरातत्त्वज्ञ मिळून करतात. वस्तूचे वय प्रयोगशाळा सांगते. ती कोणत्या प्रसंगी, कशी वापरत, हे पूर्वजांचा वारसा सांगणाऱ्यांकडून कळते. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला दोन्ही शिकावे लागते.

वेळ मात्र थोडा आहे. बर्फ वितळला की तीच वस्तू उघड्यावर कुजू लागते. वर्गात करून पाहा: एक पान ओल्या मातीत पुरा, तसेच दुसरे बर्फाच्या कप्प्यात ठेवा. महिन्याने दोन्ही पाहा. मग दुसरे पान बाहेर काढून मातीत पुरा. हजारो वर्षे टिकलेला भाला आज धोक्यात का, ते विद्यार्थी स्वतःच सांगतील.